सफरमैना पलटणीतील परमवीर

शौर्यपदके मिळवलेल्या सैनिकांवरची पुस्तके आपल्याकडे पुष्कळ वाचली जातात. ग्रंथालयातल्या इतर कपाटांवर धूळ असते. या कपाटातल्या पुस्तकांचे मात्र पुठ्ठे निघालेले असतात आणि पाने सुटलेली असतात. कारण उघड आहे. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या कोणत्याही गावी पहाटे साडेचारला सडकेवर जाऊन उभे राहावे, म्हणजे भरतीची तयारी करणारी मुले अंधारात धावताना दिसतील. सोळाशे मीटर किती मिनिटांत झाले, एवढाच त्यांच्या दिवसाचा पहिला प्रश्न असतो. माझा थोरला भाऊ त्यांच्यातलाच एक. ग्रंथालयाचे कार्ड माझे आणि पुस्तके वाचणारा तो, अशी आमच्या घरची वाटणी आहे. त्याच्यासाठी नेलेली पुस्तके परत करण्यापूर्वी मीही वाचून काढते.

या पुस्तकांची घडण बहुधा एकाच साच्यातली असते. आधी जन्मगाव, मग लहानपणचा एखादा धाडसाचा प्रसंग, मग भरती, आणि तेथून एकदम टेकडीवरचा हल्ला. शेवटी वीरमरण आणि पदक. मध्ये विशेषणांची रांग असते : अतुलनीय, अजोड, अलौकिक. दहा वीरांची चरित्रे सलग वाचली तर नावे बदलतात, विशेषणे बदलत नाहीत. भारताचे परमवीर चक्र आजवर २१ जणांना मिळाले आहे आणि त्यांपैकी १४ जणांना ते मरणोत्तर मिळाले. तेव्हा मरण हाच शौर्यकथेचा शेवट, असे लेखकाने धरून चालावे यात नवल नाही.

मराठी माणसाला या प्रकारची ठाऊक असलेली मोठी कथा म्हणजे नाईक यशवंत घाडगे यांची. ते सध्याच्या रायगड जिल्ह्यातल्या माणगाव भागातले. मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये असताना १० जुलै १९४४ रोजी इटलीतल्या टायबर नदीच्या खोऱ्यात त्यांची तुकडी मशिनगनच्या माऱ्यात सापडली. त्यांच्याखेरीज तुकडीतला प्रत्येक जण ठार किंवा जखमी झाला. घाडगे एकटेच पुढे धावले. हातबाँब टाकून त्यांनी मशिनगन बंद पाडली, एकाला गोळी घातली, आणि बंदुकीत नव्या गोळ्या भरायला सवड नाही हे पाहून ती नळीकडून धरली व उरलेल्या दोघांना दस्त्याने मारले. मग आडून मारलेल्या गोळ्यांनी त्यांचा प्राण गेला. वय २२ वर्षे. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. या सगळ्याला फार तर काही मिनिटे लागली असतील. ती मिनिटे वाचताना अंगावर काटा येतो, आणि तो यावा यासाठीच अशी पुस्तके लिहिलेली असतात.

याच कपाटातल्या पुस्तकांत मेजर रामा राघोबा राणे यांचे प्रकरण असते. भावाने ते चाळले आणि पुढे गेला. यात लढाई कुठे आहे, हा तर रस्ता करत बसला आहे, असे त्याचे म्हणणे पडले. त्याचे म्हणणे मी मनात ठेवून ते प्रकरण तीनदा वाचले. वाचकहो, या वीराची ओळख आपल्या अंकाच्या वाचकांना सविस्तर करून द्यावी असे मला वाटते, ते याच कारणाने. राणे यांच्या प्रकरणात रस्ताच आहे. परमवीर चक्र जिवंतपणी मिळालेले ते पहिले सैनिक. आणि ते मिळाले ते शत्रूची ठाणी घेतल्याबद्दल नव्हे, तर सुरुंग काढल्याबद्दल, झाडे बाजूला केल्याबद्दल आणि फुटलेल्या मोऱ्यांना वळसा घालून गाडीवाट तयार केल्याबद्दल.

राणे यांचा जन्म २६ जून १९१८ रोजी हावेरी येथे झाला. मूळ गाव कारवारजवळचे चेंडिया. हा सारा मुलूख तेव्हा मुंबई इलाख्यात होता; १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो आजच्या कर्नाटकाकडे गेला. वडील राघोबा राणे पोलिसात शिपाई होते. शिपायाच्या नोकरीत बदल्या फार, त्यामुळे मुलाचे शिक्षण या गावच्या शाळेतून त्या गावच्या शाळेत असे तुकड्यातुकड्यांनी झाले. १९३० साली स्वातंत्र्यचळवळीचे वारे जोरात होते. बारा वर्षांचा रामा त्या चळवळीकडे ओढला गेला. बाप इंग्रज सरकारचा पोलीस आणि पोर सरकारविरुद्धच्या घोषणा देणाऱ्यांत! राघोबांना धास्ती वाटली आणि त्यांनी बिऱ्हाड चेंडियाला हलवले. पुस्तकांत हा प्रसंग दोन ओळींत उरकलेला असतो. मला तो थांबून पाहण्यासारखा वाटतो. ज्या घराची चूल सरकारी पगारावर पेटते त्या घरातल्या बापाची ती धास्ती होती. तिला भित्रेपणा म्हणणे सोपे आहे, पण पगाराची एकच वाट असलेल्या घरात वाढलेल्या कोणालाही ती समजेल.

दुसरे महायुद्ध सुरू झाले, आणि १० जुलै १९४० रोजी २२ वर्षांचे राणे सैन्यात भरती झाले. त्यांना मिळाले ते बाँबे इंजिनिअर्स, म्हणजे पुण्याजवळच्या खडकीचे बाँबे सॅपर्स. जुनी माणसे या पलटणीला सफरमैना म्हणत. इंग्रजीतल्या सॅपर्स अँड मायनर्स या जोडशब्दाला आपल्या लोकांनी दिलेले हे घरगुती रूप. सफरमैनाचे काम पुढच्यासाठी वाट करणे आणि मागच्यासाठी वाट मोडणे. आपले सैन्य पुढे जात असेल तर यांनी पूल बांधायचे, सुरुंग काढायचे. माघार घेत असेल तर सगळे निघून गेल्यावर यांनी मागे राहून पूल उडवायचे. म्हणजे जाताना सर्वांच्या पुढे आणि येताना सर्वांच्या मागे. बंदूक त्यांच्याजवळ असते, परंतु हातात बहुधा फावडे, पहार आणि वायरींचे भेंडोळे.

प्रशिक्षणात राणे उत्कृष्ट रंगरूट ठरले आणि कमांडंटची छडी त्यांना बक्षीस मिळाली. तेथून ते ब्रह्मदेशाच्या आघाडीवर, २६ व्या डिव्हिजनच्या २८ व्या फील्ड कंपनीत गेले. आराकानमधून डिव्हिजन माघारी निघाली तेव्हा बुथिडाँग येथे महत्त्वाचे साहित्य जपान्यांच्या हाती पडू नये म्हणून ते नष्ट करण्यासाठी जी माणसे मागे ठेवली त्यांत राणे होते. काम झाल्यावर आरमाराचे जहाज त्यांना उचलून नेणार होते. काम झाले, जहाज काही मिळाले नाही. जपान्यांची गस्त असलेली नदी त्यांनी आपली आपणच ओलांडली आणि माणसे घेऊन ते डिव्हिजनला जाऊन मिळाले. त्यानंतर हवालदारकी आणि पुढच्या पायऱ्या आल्या. १५ डिसेंबर १९४७ रोजी, स्वतंत्र भारताच्या सैन्यात, ते सेकंड लेफ्टनंट झाले. पोलीस शिपायाचा मुलगा, साधा जवान म्हणून शिरलेला, साडेसात वर्षांनी अधिकारी झाला. ज्या चार दिवसांमुळे त्यांचे नाव राहिले ते याच्यानंतर चारच महिन्यांनी आले.

तोवर काश्मीरचे युद्ध पेटलेले होते. नोव्हेंबर १९४७ मध्ये राजौरी हे गाव टोळीवाले आणि त्यांच्या पाठीशी असलेल्या पाकिस्तानी फौजेच्या ताब्यात गेले होते. तेथे मोठी कत्तल झाली होती. दक्षिणेकडचे नौशेरा आपल्या सैन्याने टिकवून धरले. ६ फेब्रुवारी १९४८ च्या तेथल्या लढाईत नाईक जदुनाथ सिंग पडले. त्यांनाही पुढे परमवीर चक्र मिळाले. १८ मार्चला झांगर परत घेतले. आता राजौरी उरले होते, आणि तेथे वाचलेल्या लोकांचे काय होणार हा प्रश्न होता. घाई त्यासाठी होती.

नौशेऱ्याहून राजौरीला जाणारी सडक डोंगराच्या कडेकडेने जाते. एका अंगाला कडा आणि दुसऱ्या अंगाला तवी नदीचे पात्र. सैन्याजवळ सेंट्रल इंडिया हॉर्स या रिसाल्याचे हलके रणगाडे होते. पण रणगाडा कितीही बळकट असला तरी तो डोंगर चढत नाही. त्याला वाट लागते. माघार घेणाऱ्यांनी ही एकच वाट ठिकठिकाणी बंद करून ठेवली होती. चिडाची थोराड झाडे पाडून आडवी टाकलेली, मोऱ्या उडवलेल्या, रस्त्याची कड सुरुंगाने फोडून खाली लोटलेली आणि जमिनीत भूसुरुंग पेरलेले. शिवाय या प्रत्येक अडथळ्यावर वरच्या टेकडीवरून मशिनगन रोखलेली. अडथळा एकट्याने कोणाला थांबवत नाही. तो दूर करायला माणूस खाली उतरला की त्याला टिपायचे, असा हा बेत असतो.

८ एप्रिल १९४८ रोजी चौथ्या डोग्रा बटालियनने नौशेऱ्याच्या उत्तरेला सुमारे ११ किलोमीटरवर असलेल्या बरवाली धारेवर चढाई केली. राणे ३७ व्या असॉल्ट फील्ड कंपनीची तुकडी घेऊन रणगाड्यांबरोबर होते. सडकेच्या २६ व्या मैलाजवळ सकाळी ११ वाजता ही मंडळी सुरुंग काढायच्या तयारीत उभी असतानाच उखळी तोफांचे गोळे येऊन पडले. दोघे जागीच गेले. पाच जखमी झाले आणि त्या पाचांत स्वतः राणे होते. त्यांनी उरलेली माणसे गोळा केली, कामाची पुन्हा वाटणी केली आणि काम सुरू केले. दिवसभर ते माऱ्यातच रणगाड्यांजवळ होते. साडेचारच्या सुमारास धार हाती आली. आसपासचा शत्रू पुरता हटलेला नव्हता हे माहीत असूनही ते तुकडी घेऊन पुढे गेले आणि रणगाड्यांसाठी वळणवाट खणू लागले. रात्री १० पर्यंत काम चालले.

९ तारखेला पहाटे ६ ला पुन्हा सुरुवात. दुपारी ३ वाजता वळणवाट तयार झाली आणि रणगाडे निघाले. राणे सर्वांत पुढच्या गाडीत बसले. अर्धा मैल गेल्यावर चिडाची झाडे आडवी. खाली उतरून ती सुरुंगाने उडवली. तीनशे यार्डांवर पुन्हा तेच. पाच वाजत आले. पुढे मोरी उडवलेली. कामाला हात लावायच्या आत मशिनगन सुरू झाली. तरी बाजूने वाट काढली. सव्वासहाला उजेड जाऊ लागला तेव्हा समोर पाच मोठी झाडे, भोवती सुरुंग आणि वरून गोळ्या. राणे तेही काढायला बसले होते; पण रणगाड्यांच्या प्रमुखाने अंधार पाहून सगळ्यांना रात्रीपुरते मागे सुरक्षित जागी घेतले.

१० तारखेला पावणेपाचला, म्हणजे उजाडायच्याही आधी, ते त्याच पाच झाडांपाशी हजर. साडेसहाला तो अडथळा दूर झाला. पुढचे हजार यार्ड म्हणजे अडथळ्यांची रास होती. ते साडेदहापर्यंत मोकळे केले. आता रणगाडे सडक सोडून तवीच्या पात्रात उतरले आणि पात्रातून पुढे निघाले. दुपारी २ वाजता ते चिंगसला पोहोचले. येथे कोणीही म्हटले असते की काम झाले. परंतु रणगाड्यांच्या मागून शिधा, दारूगोळा, औषधे आणणाऱ्या गाड्या येत होत्या आणि त्यांना नदीच्या पात्रातून जाता येत नव्हते. राणे सडकेवरच राहिले. अन्न नाही, विसावा नाही, आणि अंगावर दोन दिवसांपूर्वीची जखम, अशा स्थितीत रात्री ९ पर्यंत ते वाट साफ करत राहिले. ११ तारखेला पुन्हा सकाळी ६ ला सुरुवात करून ११ वाजता चिंगसपर्यंतची सडक खुली केली, आणि पुढच्या वाटेसाठी रात्री १० पर्यंत काम केले.

चिंगसबद्दल इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी एक गोष्ट येथेच सांगून टाकते. ही सडक म्हणजे मोगल बादशहा काश्मीरला जात तीच जुनी वाट. १६२७ साली जहांगीर काश्मीरहून परतताना वाटेत वारला. देह लाहोरपर्यंत टिकावा म्हणून त्याची आतडी चिंगसच्या सराईत पुरली असे सांगतात, आणि गावाचे नावही त्यावरूनच पडले म्हणतात. बादशहाच्या लवाजम्यापुढेही वाट नीट करणारे बेलदार चालत असतीलच. इतिहासात त्यांच्यासाठी जागा नाही, हे वेगळे सांगायला नको.

रणगाडा आणि दोराची गोष्ट मात्र राणे यांच्या प्रत्येक चरित्रात येते. मारा असह्य झाला तेव्हा ते रणगाड्याच्या पोटाखाली सरपटत गेले; रणगाडा त्यांच्यावर छत्रासारखा धरून त्याच्या चालीने सरपटत त्यांनी सुरुंग शोधले; आतल्या चालकाशी बोलता येत नव्हते म्हणून दोन दोर बांधून घेतले, एक ओढला की थांब आणि दुसरा ओढला की चल. चित्रकारांना ही गोष्ट फार आवडते. ती खरोखरच विलक्षण आहे. रणगाड्याची साखळी कोपरापासून हातभर अंतरावर फिरते आहे आणि समोरच्या मातीत काय पुरले आहे ते बोटांनी चाचपायचे आहे. दोर ओढायला क्षणभर उशीर झाला तर मरण आपल्याच गाडीखाली.

तरी मला स्वतःला दोराच्या गोष्टीपेक्षा प्रशस्तिपत्रातल्या वेळा अधिक बोलक्या वाटतात. सरकारी प्रशस्तिपत्र लिहिणाऱ्यालाही शेवटी विशेषणांचा मोह आवरला नाही, पण त्याने घड्याळ मात्र हातातून सोडले नाही. अकरा वाजता, साडेचार वाजता, रात्री दहा, पहाटे सहा, दुपारी तीन, पावणेपाच, साडेसहा, साडेदहा. हे वाचताना मला मस्टर आठवले. माझ्या आजीने रोजगार हमीच्या सडकेवर गिट्टी फोडली आहे. तिला कोणते साल ते सांगता येत नाही, पण काम किती वाजता लागे, भाकरीची सुट्टी किती वेळाची असे आणि दिवस बुडाल्यावर किती ब्रास भरले ते ती अजून सांगते. कष्टाचे काम करणाऱ्याच्या आठवणीत विशेषणे नसतात, वेळा असतात. राणे यांच्या त्या चार दिवसांच्या वेळांची बेरीज केली तर साधारण ५५ तास होतात. घाडग्यांचे शौर्य काही मिनिटांचे म्हणून लहान होत नाही; त्या मिनिटांच्या शेवटी मरण उभे होते. पण ५५ तासांच्या शौर्यात माणसाला पुन्हा पुन्हा विचार करायला सवड मिळते. रात्री १० ला काम थांबते, माणूस अंग टाकतो, जखम ठणकते, सकाळी आपल्याबरोबर असलेले दोघे आता नाहीत हे आठवते. आणि पहाटे उठून पुन्हा त्याच जागी जायचे असते. जोशात धावून जाण्याला एक धक्का पुरतो. येथे धक्का रोज नव्याने द्यावा लागतो, आणि तोही स्वतःच.

भावाशी माझा वाद नेमका या जागी अडला. त्याचे म्हणणे असे की सैन्यात जायचे ते असल्या कामासाठी नव्हे. खणायचे काम गावात थोडे आहे का? मी म्हटले, गावात खणणाऱ्याला कोणी परमवीर म्हणत नाही, म्हणून तर हे प्रकरण वाच. आम्हा दोघांचेही बोलणे अर्धवट राहिले. परंतु खणण्याला कमी लेखण्याची सवय आम्हाला पुस्तकांनीच लावली आहे असे मला वाटते. बऱ्याच पुस्तकांत हल्ल्याला दहा पाने असतात आणि सुरुंग काढल्याचा उल्लेख एका वाक्यात येतो, जणू सुरुंग आपोआप निघाले.

आणि ते दोघे? ८ तारखेला सकाळी जे दोघे गोळ्यांनी गेले त्यांची नावे राणे यांच्या प्रशस्तिपत्रात नाहीत. तेथे फक्त संख्या आहे. राणे यांच्या मागे फावडी चालवणारे जे होते त्यांचीही तेथे संख्यासुद्धा नाही. एकाच्या पदकासाठी लिहिलेल्या कागदात इतरांना जागा कुठून असणार, हे मला समजते. पुस्तके लिहिणाऱ्यांना मात्र कागदाची तूट नव्हती.

१२ एप्रिलला आपले सैन्य राजौरीत शिरले. गावाचा बराच भाग उद्ध्वस्त झालेला होता. मृतदेहांनी भरलेले मोठे खड्डे तेथे सापडले. जे जिवंत होते ते लपलेल्या जागांतून बाहेर आले. चार दिवसांच्या ऐवजी दहा दिवस लागले असते तर यांतले किती उरले असते, याचा हिशेब कोणी मांडू शकत नाही.

एक गोष्ट पुस्तके क्वचितच सांगतात. राणे हे काम करत होते तेव्हा परमवीर चक्र नावाचे पदकच नव्हते. ते २६ जानेवारी १९५० रोजी, प्रजासत्ताकाच्या पहिल्या दिवशी स्थापन झाले आणि १५ ऑगस्ट १९४७ पासूनच्या पराक्रमांना लागू करण्यात आले. राणे यांचे नाव २१ जून १९५० च्या राजपत्रात आले, म्हणजे प्रत्यक्ष कामानंतर दोन वर्षांहून अधिक काळाने. हे पदक घडवणारी व्यक्ती एक स्त्री होती हे वाचून तर मला फारच आनंद झाला. सावित्रीबाई खानोलकर या जन्माने युरोपीय. विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी लग्न करून त्या भारतीय झाल्या. त्यांचा आपल्या पुराणांचा अभ्यास दांडगा. काशाच्या पदकावर त्यांनी मध्ये राजमुद्रा आणि भोवती इंद्राची चार वज्रे योजली, फीत जांभळी. वज्र दधीची ऋषींच्या अस्थींचे झाले होते. म्हणजे पदकाच्या कल्पनेतच देहदान होते. सावित्रीबाई १९९० मध्ये वारल्या.

पुढे राणे यांनी सैन्यात वीस वर्षे काढली. मेजर झाले आणि १९६८ मध्ये निवृत्त झाले. एकूण २८ वर्षांच्या सेवेत युद्धखलित्यांत त्यांचा उल्लेख पाच वेळा झाला. ११ जुलै १९९४ रोजी पुण्यात, वयाच्या ७६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्या चार दिवसांनंतर ते ४६ वर्षे जगले, आणि पुस्तके ही ४६ वर्षे अर्ध्या पानात संपवतात. वीराने पदक घेतल्यावर बाजारात जाऊन भाजी आणावी, मुलांच्या फीची काळजी करावी, गुडघे दुखले म्हणून जिना सावकाश चढावा, हे आमच्या शौर्यकथांना चालत नाही. त्यांना तो एक तर टेकडीवर हवा असतो किंवा चौथऱ्यावर.

चौथराही झाला. २००६ मध्ये कारवारच्या समुद्रकिनाऱ्यावर त्यांचा पुतळा उभा राहिला. त्याआधी, ते हयात असतानाच, १९८४ मध्ये भारतीय नौवहन महामंडळाच्या ताफ्यात त्यांच्या नावाचे तेलवाहू जहाज आले होते. पंचवीस वर्षे तेल वाहून ते निकाली निघाले. २३ जानेवारी २०२३ रोजी अंदमानातल्या २१ बिननावाच्या बेटांना २१ परमवीरांची नावे देण्यात आली, त्यांतले एक बेट राणे यांच्या नावाचे आहे. ज्याचे सारे मोठेपण डोंगरातल्या एका सडकेवर घडले त्याच्या वाट्याला समुद्रच अधिक आला.

ती सडक आता जम्मू, अखनूर, राजौरी आणि पूंछ यांना जोडणाऱ्या राष्ट्रीय महामार्गाचा भाग आहे आणि तिच्या रुंदीकरणाचे काम सीमा सडक संघटनेकडे आले. डोंगराला वळसे घालणारी वाट सरळ करण्यासाठी तेथे बोगदे खणावे लागले. त्यांतला ७०० मीटर लांबीचा नौशेरा बोगदा जानेवारी २०२४ मध्ये दोन्ही बाजूंनी खणत येणाऱ्या माणसांनी आरपार केला.